बोलीचा बाजार

'बोली' हा शब्द मराठीत तीन कामे करतो. माणूस जी भाषा बोलतो ती त्याची बोली. लिलावात जो आकडा पुकारला जातो तीही बोली. आणि दोन पक्षांत जी अट ठरते, 'आपली अशी बोली झाली होती' असे म्हणून जिची पुढे आठवण करून दिली जाते, ती तिसरी बोली. कोशकार हे अर्थ क्रमांक घालून एकाखाली एक मांडतात, त्यामुळे ते एकमेकांपासून अलग असल्याचा भास होतो. परंतु मुंबईच्या कोट विभागात ज्या चिंचोळ्या रस्त्याला दलाल स्ट्रीट म्हणतात, तेथे शंभरांहून अधिक वर्षे हे तिन्ही अर्थ एकाच उच्चारात नांदत होते. तेथल्या शेअरबाजाराच्या रिंगणात उभ्या असलेल्या दलालाने उच्चारलेला शब्द त्या पेठेच्या खास भाषेतला होता, तोच भाव होता, आणि समोरच्याने मान हलविताच तोच करारही होता. कागद मागाहून येई; साक्षीदार बहुधा नसतच; आणि तरीही दिवसाकाठी लक्षावधी रुपयांचे व्यवहार त्या उच्चाराच्या आधारावर उभे राहत.

या बोलीची पहिली ओळख मला लहानपणी, गिरगावातील आमच्या चाळीत झाली. शेजारच्या बिऱ्हाडातील एक गृहस्थ कोटातल्या एका दलालाच्या पेढीवर कारकून होते. इतर चाकरमाने शनिवारी दुपारीच घरी परतत, आणि हे मात्र दिवेलागणीनंतर घामाघूम होऊन जिना चढत. उशीर का झाला असे कोणी विचारले की ते एकच उत्तर देत, "आज बदला होता." हिंदी चित्रपटांवर पोसलेल्या आम्हा पोरांना या उत्तराचे विलक्षण आकर्षण वाटे. "काका, कोणाचा बदला घेतलात?" असे एकदा मी धीर करून विचारले, तेव्हा ते इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. "अरे, घेतला नाही, दिला," एवढेच ते म्हणाले. त्या उत्तराचा अर्थ मला कळावयास पुढे बरीच वर्षे जावी लागली.

या पेठेचे मूळ शब्द पाहू गेले असता त्यांतील बहुतेक अरबी-फारसी कुळातले निघतात, आणि ते इंग्रजी अमलाच्या पुष्कळ आधीपासून आपल्या दप्तरांत रुजलेले आहेत. दलाल हा अरबी शब्द वाट दाखविणे या अर्थाच्या धातूपासून आला. तेव्हा दलाल म्हणजे मूळचा वाटाड्या. वायदा म्हणजे वचन. बदला म्हणजे एकाच्या जागी दुसरे. हवाला म्हणजे सुपूर्द करणे. ज्याच्या हवाली किल्ला वा ठाणे केले तो हवालदार, आणि ज्या दराने जुने देणेघेणे पुढच्या खात्याच्या हवाली करायचे तो शेअरबाजारातला हवाला-दर, म्हणजे हे दोघे एकाच घराण्याचे. तेजी हा शब्द आपल्याला संस्कृत 'तेजा'चा वंशज वाटतो, पण बाजारात तो फारसी 'तेज'वरून आला. अर्थात संस्कृत आणि इराणी भाषांचे मूळ एकच असल्यामुळे ही दोन्ही तेजे दूरची चुलत भावंडेच ठरतात. शिवछत्रपतींच्या आज्ञेने जो राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, त्यात दरबारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा मोठा उद्योग झाला, आणि मुद्रा व पदनामे यांच्यापुरता तो काही अंशी फळासही आला. पण पेठेने तो कोश उघडून पाहिल्याचे दिसत नाही. राजाला आपली भाषा हुकुमाने बदलता येते. व्यापाऱ्याला मात्र परमुलखातल्या माणसाशी बोलायचे असते, म्हणून त्याला जो शब्द चालतो तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

मुंबईत कंपन्यांच्या भागांची खरेदीविक्री एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाली होती. बँकांचे आणि कापूस दाबण्याच्या कारखान्यांचे मोजके भाग, आणि ते हाताळणारे पाचसहा दलाल, एवढाच १८४० च्या सुमाराचा पसारा. आणि त्यांचे कार्यालय म्हणजे टाउन हॉलसमोरचे वडाचे झाड. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाला पूर्वी कोणी स्वप्नातही न पाहिलेला भाव आला. त्या पैशाने शहर भारून गेले. दलालांची संख्या दोनअडीचशेवर गेली. समुद्र हटवून जमीन करण्याच्या बॅक बे कंपनीच्या, पाच हजार रुपये भरलेल्या भागाला पन्नास हजारांपर्यंत भाव आला. प्रेमचंद रायचंद या सुरतेहून आलेल्या, इंग्रजी जाणणाऱ्या दलालाचा शब्द म्हणजे बाजाराचा शब्द झाला. 'शेअर' हा शब्द मुंबईच्या मराठी माणसाच्या तोंडी बसला तो याच चारपाच वर्षांत. भाग, हिस्सा, पाती हे शब्द आपल्याकडे आधीपासूनच होते, आणि पाती हा तर भागीदारीच्या धंद्यात चांगला मुरलेला शब्द. परंतु पाती घेणाऱ्याला धंद्याची चिंता असते आणि शेअर घेणाऱ्याला फक्त भावाची, हा फरक लोकांनी नेमका ओळखला आणि नव्या वस्तूला नवे नाव ठेवले.

फारसीत 'सौदा' या उच्चाराचा व्यापाराखेरीज आणखी एक अर्थ आहे: उन्माद. उर्दू शायरांनी या श्लेषावर पुष्कळ खेळ केला. मुंबईने तो प्रत्यक्ष करून दाखविला. १८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतील युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि मुदतीचे असंख्य वायदे १ जुलै १८६५ या एकाच दिवशी पुरे व्हावयाचे होते. तो दिवस उजाडला तेव्हा देणारा कोणी उरला नव्हता. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवीत होता आणि तो दुसरा तिसऱ्याकडे. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग २८५० रुपयांवर गेला होता तो ८७ रुपयांना विकावा लागला. दिवाळखोरांची संख्या इतकी झाली की सरकारला त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. प्रेमचंद रायचंदही बुडाले. पण त्याआधी त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर पुढे उभा राहिला, आणि १८६५ च्या उन्मादातून शहराच्या पदरी जे थोडे पडले त्यात तो आहे.

या पडझडीतून दलालांनी जो धडा घेतला तो संघटनेचा. वडाची झाडे बदलीत, रस्त्यावर गर्दी केली म्हणून लोकांची बोलणी खात, ही मंडळी १८७४ च्या सुमारास आज जिला दलाल स्ट्रीट म्हणतात त्या गल्लीत स्थिरावली, आणि १८७५ साली 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन' या नावाने एकत्र आली. सभासद ३१८, प्रवेशशुल्क एक रुपया. संस्थेचा विधिवत दस्तऐवज १८८७ साली झाला. म्हणजे पहिली बारा वर्षे एवढी मोठी संस्था विधिवत दस्तऐवजाशिवाय, केवळ परस्परांच्या इतबारावर चालली. बोलीच्या बाजाराला हे साजेसेच म्हटले पाहिजे.

रिंगणातील व्यवहाराची भाषा मुख्यत्वे गुजराती, तिला कच्छी, मारवाडी आणि पारशी हेल, आणि वह्या लिहिणारा, हिशेब जुळविणारा कारकून पुष्कळदा मराठी. त्यामुळे या बोलीतील शब्द मराठीत आले ते उंबरठ्यावरून ऐकल्यासारखे आले, आणि येताना थोडे वाकले. हिशेबाच्या फेडीला गुजराती दलाल 'वलण' म्हणे. आमच्या शेजाऱ्यांच्या तोंडी त्याचे 'वळण' होई, आणि दर पंधरवड्याला बाजार एक वळण घेतो ही कल्पना मूळ अर्थापेक्षा मला आजही अधिक समर्पक वाटते. खरेदी करू इच्छिणारे ते लेवाल, विकू पाहणारे ते वेचवाल. आपल्या वृत्तपत्रांनी पहिल्याला तसेच ठेवून दुसऱ्याला विकवाल केले. स्वतःच्या खात्यावर दिवसभर घेऊन-देऊन चार-आठ आण्यांचा फरक खिशात घालणारा तो तारवणीवाला. गुजरातीत तारवणे म्हणजे वरचे तेवढे निवडून काढणे, ताकावरचे लोणी काढावे तसे. इंग्रजांनी त्याला जॉबर म्हटले, पण त्या शब्दात लोण्याचा वास नाही.

गोंगाट इतका असे की शब्दाला हाताची जोड द्यावी लागे. आपल्याकडे बोटांच्या खुणांनी बोलण्याला करपल्लवी असे सुंदर नाव आहे. महानुभावांनी ग्रंथ राखण्यासाठी सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा गूढ लिप्या रचल्या, आणि गुरांच्या बाजारातले हेडे अजूनही रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवितात, त्या सगळ्यांच्या मागची प्रेरणा एकच: जे सांगायचे ते ज्याला सांगायचे त्यालाच कळावे. शेअरबाजारातील करपल्लवीचा हेतू मात्र याच्या नेमका उलट होता. तेथे रुमाल नव्हता. बोटे डोक्याच्या वर धरलेली असत, आणि भाव सर्वांना दिसावा हाच त्यांचा उद्देश. बाहेरच्याला जी गुप्त भाषा वाटे ती आतल्यासाठी जाहीर भाषा होती. खास बोलीविषयीचा हा घोटाळा फार जुना आहे. न समजणारा माणूस नेहमी असेच समजतो की आपल्यापासून काहीतरी लपविले जात आहे, वास्तविक बोलणाऱ्याला पुष्कळदा त्याची आठवणही नसते, त्याला फक्त घाई असते.

आता बदल्याविषयी. या पेठेने निर्माण केलेली ही सर्वांत अस्सल वस्तू, आणि तिच्यापुढे लंडनच्या शब्दकोशातले प्रतिशब्द फिके वाटतात. समजा, एकाने भाव चढेल या आशेने शंभर शेअर वायद्याने घेतले. वलणाचा दिवस आला. भाव तर चढला नाही, आणि माल उचलायला पैसाही नाही. अशा वेळी तो बदलीवाल्याकडे जाई. बदलीवाला त्याच्या वतीने पैसे भरून शेअर आपल्याकडे ठेवी, आणि तो सौदा हवाला-दराने पुढच्या वलणावर ढकलला जाई. या सवलतीबद्दल तेजीवाल्याने जे व्याज मोजायचे तो बदला. बाजारात तेजीवाले फार झाले की पैशाची टंचाई होऊन बदल्याचा दर चढे. परंतु कधी कधी चित्र उलटे होई: मंदीवाल्यांनी जवळ नसलेला माल इतका विकून ठेवलेला असे की शेअरांचीच टंचाई पडे, मग माल उसना मिळावा म्हणून मंदीवाल्यालाच पैसे मोजावे लागत. याला उंधा बदला म्हणत. उंधा म्हणजे उलटा, पालथा. मडके पालथे घालून शिजवितात त्या उंधियूतलाच हा शब्द. शनिवारी बदल्याचे दर ठरत, आणि आमच्या शेजाऱ्यांचा शनिवार बुडे तो या कारणाने. 'घेतला नाही, दिला' या त्यांच्या उत्तरात त्यांच्या शेठजींची त्या आठवड्याची सारी स्थिती सामावलेली होती: शेठजी तेजीत अडकले होते.

एका उच्चारात एवढा हिशेब मावतो, ही या बोलीची खरी करामत. तिला भ्रष्ट किंवा ग्राम्य म्हणणारे पुष्कळ झाले. भावाचा अंदाज बांधणे हा जुगार असो वा नसो, त्याची भाषा मात्र अत्यंत काटेकोर होती, आणि काटेकोर असण्याचे कारण असे की प्रत्येक शब्दामागे कोणाचे तरी देणे उभे होते. ज्याचा शब्द फिरला त्याची पत गेली, आणि पत गेलेल्या माणसाशी दुसऱ्या दिवशी रिंगणात कोणी नजरही मिळवीत नसे.

कापसाच्या बाजारात तर 'तेजी' आणि 'मंदी' या शब्दांना आणखी एक, अगदी पारिभाषिक अर्थ होता. ठरलेल्या भावाने पुढे माल घेण्याचा नुसता हक्क विकत घेणे ही तेजी, विकण्याचा हक्क घेणे ही मंदी, आणि दोन्ही हक्क एकदम घेणे ही तेजी-मंदी. हल्लीच्या तरुणांना 'ऑप्शन' ही अमेरिकेहून आलेली नवी विद्या वाटते. पण मुंबई सरकारला कापसातील असल्या व्यवहारांवर बंदी घालणारा कायदा १९३९ सालीच करावा लागला होता. त्या बाजाराची आठवण आता हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन या स्थानकाच्या नावात उरली आहे, आणि आणखी एका ठिकाणी, जेथे ती कोणी शोधायला जाणार नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे आरंभीचे आणि अखेरीचे भाव तारेने मुंबईस येत, आणि त्या आकड्यांवर पैसे लावण्याचा नाद गिरणगावापासून भायखळ्यापर्यंत पसरला होता. 'आकडा लावणे' हा वाक्प्रचार तेथला. साठीच्या दशकाच्या आरंभी तो आधार तुटला, तेव्हा कल्याणजी भगत आणि त्यांच्यामागून रतन खत्री यांनी मडक्यातून चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढून आकडा ठरविण्याची युक्ती काढली. मडके गेले तरी मटका हे नाव राहिले; आणि त्यातील 'ओपन' व 'क्लोज' हे शब्द, ज्यांचे मूळ आकडा लावणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल, ते न्यूयॉर्कच्या बाजाराच्या उघडण्याबंद होण्याचे पडसाद आहेत. शब्द आपल्या वस्तूपेक्षा दीर्घायुषी असतात याचे याहून चमत्कारिक उदाहरण मला माहीत नाही.

तार हा शब्द आला, तेव्हा या इतिहासातील दुसऱ्या धाग्याकडे वळणे प्राप्त आहे. १८६७ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड कॅलाहन या तारयंत्रज्ञाने असे यंत्र बसविले की बाजारातील प्रत्येक सौद्याचा भाव शहरभरच्या पेढ्यांत कागदाच्या अरुंद फितीवर आपोआप छापला जाई. टिक टिक वाजे म्हणून त्याचे नाव टिकर. दोनतीन वर्षांनी तरुण एडिसनने त्यात सुधारणा करून आपले पहिले भरघोस पैसे मिळविले. फीत अरुंद, यंत्र मंद आणि सौदे अनेक. अशा स्थितीत कंपनीचे संपूर्ण नाव छापणे परवडणारे नव्हते. म्हणून नावांची अक्षरे कापली गेली, आणि ज्यांचे सौदे सर्वांत अधिक त्यांना एकच अक्षर मिळाले. टेलिफोन कंपनीला टी, पोलाद कंपनीला एक्स, फोर्डला पुढे एफ. काटकसरीतून जन्मलेली ही अक्षरे पाहता पाहता प्रतिष्ठेची पदके होऊन बसली. १९२९ च्या २४ ऑक्टोबरला न्यूयॉर्कचा बाजार कोसळला तेव्हा ती फीत चार तासांहून अधिक मागे पडली. लोक जो भाव वाचीत होते तो केव्हाच मरून गेलेला होता. लंडनच्या दलालांना मात्र अक्षरांपेक्षा टोपणनावांची हौस अधिक. रेल्वे कंपन्यांच्या शेअरांना त्यांनी बर्था, डोरा अशी बायकांची नावे ठेवली होती, आणि गंभीर चेहऱ्याचे, उंच टोप्यांचे गृहस्थ भर बाजारात बर्था किती उतरली याची चौकशी करीत.

मुंबईची रीत या दोहोंच्या मधली. टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यासाठी १९०७ साली भांडवल गोळा झाले तेव्हा स्वदेशीच्या भारात सुमारे आठ हजार लोकांनी तीन आठवड्यांत ते भरून दिले. पण रिंगणाला स्वदेशीही थोडक्यात उच्चारावी लागते. त्या कंपनीचे साधे शेअर 'ऑर्डिनरी' आणि, लाभांशाच्या रांगेत मागे उभे राहणारे म्हणून ज्यांच्या भावात खूप चढउतार होई ते, 'डिफर्ड'. एके काळी 'डिफर्ड काय भाव?' एवढे विचारले की पुरे. कोणाचे डिफर्ड, हे विचारणारा नवखा ठरे. पुढे टिस्को, टेल्को, एसीसी ही आद्याक्षरी नावे आली आणि ती इतकी मुरली की कंपन्यांनी अधिकृत नावे बदलली तरी जुन्या गुंतवणूकदारांच्या तोंडून ती सुटली नाहीत. टेल्कोची टाटा मोटर्स २००३ साली आणि टिस्कोची टाटा स्टील २००५ साली झाली. माझ्या पिढीतील कित्येकांच्या लेखी हे बारसे अद्याप व्हावयाचे आहे. 'सेन्सेक्स' हे नावही असेच. सेन्सिटिव्ह इंडेक्स या दोन शब्दांचा हा संकर दीपक मोहोनी या विश्लेषकांनी केला. १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्या निर्देशांकाला इतके चपखल नाव सरकारी समितीला सापडले नसते.

बदल्याचा शेवट एकदम झाला नाही. सरकारने १९६९ च्या जूनमध्ये शेअरांतील वायद्यांवर बंदी घातली, तेव्हा तो मागच्या दाराने परत आला. १९९२ च्या शेअर-घोटाळ्यानंतर, १९९३ च्या डिसेंबरात शेअरबाजारांचे नियमन करणाऱ्या सेबीने तो थांबविला, दोनतीन वर्षांनी नव्या अटींवर पुन्हा सोडला, आणि अखेर २ जुलै २००१ पासून कायमचा बंद केला. दरम्यान त्याच्या पायाखालची भूमीच सरकली होती. राष्ट्रीय शेअरबाजाराने १९९४ च्या नोव्हेंबरात पडद्यावरचे सौदे सुरू केले. मुंबई शेअरबाजाराने १९९५ च्या मार्चमध्ये 'बोल्ट' नावाची संगणकव्यवस्था आणली, आणि रिंगण मुके झाले. पंधरवड्याचे वलण आकसत आकसत २०२३ च्या जानेवारीत एका दिवसावर आले. ज्याला पुढे ढकलायला काही उरलेच नाही त्याला बदला कशाला?

संगणकाला उच्चार नको असतो, चिन्ह हवे असते. मुंबईच्या बाजाराने प्रत्येक शेअरला सहा आकडी क्रमांक दिला. रिलायन्स म्हणजे ५००३२५, टाटा स्टील म्हणजे ५००४७०. राष्ट्रीय बाजाराने रोमन अक्षरांची चिन्हे दिली. आकड्याशी कोणाला सलगी करता येत नाही, म्हणून लोकव्यवहारात चिन्हे जिंकली यात नवल नाही. आता आमच्या घरातीलच एक चिरंजीव भ्रमणध्वनीवर मित्राशी जे बोलतात त्यात क्रियापदे तेवढी मराठी असतात. अमक्याने ब्रेकआऊट दिला, तमक्याला अप्पर सर्किट लागले, बीटीएसटी करून बाहेर पड, एसएल विसरू नकोस. बीटीएसटी म्हणजे आज घे, उद्या वीक. एसएल म्हणजे तोट्याची मर्यादा. या भाषेवर नाके मुरडणाऱ्यांत मी नाही. तेजी, सौदा, हवाला हे शब्दही एके काळी इतकेच परके होते, आणि घाईत असलेल्या माणसाने अक्षरे गाळावीत हा कॅलाहनच्या फितीइतका जुना धर्म आहे.

माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. रिंगणातल्या दलालाने 'घेतले' म्हटले की त्याला घ्यावे लागे. आज 'टार्गेट आठशे' असे लिहिणाऱ्याला काहीच द्यावे-घ्यावे लागत नाही. आठशेचे चारशे झाले तर तो उद्या दुसरे चिन्ह लिहितो. शब्द पारिभाषिक राहिला, चटपटीत राहिला, आतल्या गोटातला असल्याचा आव तर पूर्वीपेक्षा अधिक; पण त्याच्यामागचे देणे गळून पडले. भाषा आहे, भावही आहे, तिसरी बोली तेवढी नाही. सेबीने २०१३ साली गुंतवणूक-सल्लागारांसाठी नियमावली करून सल्ला देणाऱ्याला नोंदणीच्या आणि जबाबदारीच्या दोरीने बांधू पाहिले, त्याच्या मुळाशी हीच उणीव आहे. पूर्वी जे काम लोकलज्जेने होई ते आता कलमांनी करावे लागते, आणि कलमांना ते नीटसे साधत नाही असे माझे प्रामाणिक मत आहे.

दलाल स्ट्रीटवर आता सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी घडविलेला काशाचा बैल उभा आहे, आणि लोक त्याच्याजवळ उभे राहून छायाचित्रे काढतात. रिंगणातले आवाज मात्र कोणी ध्वनिमुद्रित करून ठेवल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. आमचे शेजारी वारले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत पेढीवरच्या टिपणांची एक लांबट वही निघाली होती. अर्धी गुजराती, अर्धी मराठी, समासात बारीक खुणा केलेली. घरच्यांनी ती इतर कागदांबरोबर रद्दीवाल्याला दिली, आणि मी ती मागून घेतली नाही. मुंबईत, सुरतेत, राजकोटात, पुण्यात अशा वह्या अजून कोणाच्या माळ्यावर असतील, आणि त्या खुणा वाचता येणारे चार वृद्धही कोठे असतील. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी वही असेल तर त्याने ती विकू नये, आणि घरात ती वाचून दाखविणारे कोणी असेल तर त्यांच्याजवळ या दिवाळीत तासभर बसून, कोणता शब्द काय अर्थाने वापरीत ते लिहून घ्यावे, ही विनंती.